पंधरा महिन्यांचं वर्ष

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१८ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,


मुद्दाम पत्र लिहितेय. ग्रुपवर टाकलं की आत्या-मावश्यांचं मतदान सुरू होतं, आणि निकाल लागतो तो भलत्याच विषयाचा.

विषय तुमच्या नातीचा. येत्या जूनमध्ये डी अँझा कॉलेजातली तिची दोन वर्षं संपतील. पुढे डेव्हिसच्या विद्यापीठात जायच्या आधी एक वर्ष थांबते म्हणतेय. बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर, तेव्हा तुम्ही पकडायच्या आत सांगते : वर्ष म्हणजे पंधरा महिने. इथलं जूनअखेर संपणार आणि तिथलं २०२७ च्या सप्टेंबरअखेर सुरू होणार.

फोनवर तुमचा पहिला प्रश्न होता, "नापास झाली का?" दुसरा, "गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, स्टॅम्पपेपर करून पाठवू का?" नको. आपल्याकडे घरी बसलेल्या पोराला आपण घरीच बसलो होतो हे शपथेवर सांगावं लागतं. इथे घरी बसण्याला एवढी प्रतिष्ठा नाही.

मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध उकळेपर्यंत हा विषय चारचौघांत गेला. एक काकू म्हणाल्या, मालिया ओबामानेही हार्वर्डला जायच्या आधी वर्षभर विश्रांती घेतली होती. तुमचे जावई म्हणाले, "तेव्हा तिच्या वडिलांची नोकरी संपत आली होती, घरही सोडायचं होतं. आमचं अजून कर्ज फिटायचंय." हशा झाला, पण काकूंचं उदाहरण इथे लागूच पडत नव्हतं. हार्वर्डने मालियाची जागा राखून ठेवली होती. मधेच कॉलेज बदलणाऱ्यांचे असे लाड सहसा होत नाहीत. प्रवेश मिळाल्यावर "वर्षाने येते" म्हटलं, की बहुतेक वेळा "मग पुन्हा अर्ज करा" असं उत्तर येतं. त्यामुळे थांबायचं तर अर्ज करण्याआधीच थांबलेलं बरं.

आता खरी मेख. आपण तिला डी अँझाला घातलं ते पैशांचा विचार करून. तिथे एका युनिटला ३१ डॉलर पडतात. अशी ९० युनिटं झाली की कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. हिशेब चोख आहे, फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नसते. जी मुलं पहिल्या वर्षापासून विद्यापीठात असतात, ती दोन वर्षं खुशाल गोंधळलेली राहू शकतात. तिसऱ्या वर्षाला उतरणाऱ्याने मात्र विषय ठरवून, त्याचे पायाचे अभ्यासक्रम उरकूनच यायचं. आणि तुमच्या नातीचा विषय हलतोय. कम्प्युटर सायन्स घेतलं ते इथे शेजारीपाजारी सगळे तेच करतात म्हणून. मधे तिने आहारशास्त्राचा एक वर्ग सहज घेऊन पाहिला, आणि तेव्हापासून ती माझ्या साबुदाणा खिचडीकडे गुन्हेगाराकडे पाहावं तशी पाहते.

त्यात ही क्वार्टरची पद्धत. दिवाळीचा फराळ तळेपर्यंत सहामाही, नाताळच्या आधी वार्षिक, आणि जानेवारीत पुन्हा पहिला धडा. पोरगी शिकण्याला कंटाळलेली नाही, धावपळीला कंटाळलीय. जावयांना हे पटत नाही. त्यांच्या मते आमच्या पिढीला थकायची परवानगीच नव्हती. ते खरंच आहे, पण ते दर शनिवारी दुपारी दोनपर्यंत का झोपतात, याचाही एकदा छडा लावायला हवा.

तर ठरलंय ते असं. आरोग्यविमा ती शिको न शिको, २६ वर्षांची होईपर्यंत आमच्या नावावर चालतो, ती काळजी नाही. जूनपर्यंत ती इथलं सगळं पूर्ण करेल. उन्हाळाभर बोबा चहाच्या दुकानात पूर्णवेळ काम, म्हणजे विमानाचं तिकीट तिचं ती काढेल. पुढच्या सप्टेंबरात डेव्हिसचं हमीपत्र भरायचं. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो सोडून त्याच सरकारी विद्यापीठाचे बाकीचे सहा कॅम्पस अटी पाळणाऱ्याला अशी जागेची हमी देतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुख्य अर्ज, आणि तो ती मिरजेतून भरणार आहे.

हो, मिरजेतून! आई, तुझी किंकाळी इथपर्यंत ऐकू आली. ती मार्चपर्यंत तुमच्याकडे राहील. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, तेव्हा एखाद्या आहारतज्ज्ञ बाईंच्या हाताखाली तिला रोज बसता येईल का, एवढं विचारून ठेवा. रुग्णांच्या ताटात रस टिकला तर विषय ठरला, नाही टिकला तर कम्प्युटर आहेच. तू मात्र तिला पहिल्याच आठवड्यात तूप-साखर-पोळीचे रोल चारून विज्ञानाची वाट लावू नकोस.

बाबा, अर्जात चार प्रश्नांची उत्तरं असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. निवडलेल्या विषयासाठी तयारी काय केली, हा त्यातला सक्तीचा प्रश्न. ते तिचं तिला लिहू द्या. तुमचं लाल पेन तेवढे दिवस कपाटात ठेवा. तुमची नुसती प्रस्तावनाच ३५० शब्दांची होते.

तुमची,
लेक

ता. क. : पूर्णवेळ विद्यार्थी नसलं की गाडीच्या विम्यातली चांगल्या मार्कांची सवलत जाते, हे तुमच्या जावयांच्या अजून लक्षात आलेलं नाही. फोनवर जपून बोला.