खिशातली पक्कड आणि दौंडची कॉर्ड लाइन

घडीच्या पक्कडीत हत्यारं किती, हे मोजून ती विकत घेणं म्हणजे लग्नपत्रिकेवरचे निमंत्रक मोजून जेवण कसं असेल ते ठरवण्यासारखं आहे. चाकू, करवत, कानस, कात्री, डबा फोडायचं पातं ही सगळी वऱ्हाडी मंडळी. लग्न पक्कडीचं असतं. म्हणून परीक्षा तिचीच घ्यावी: दुसरा हात अडकलेला असताना ती उघडते का, आणि आवळताना तळव्यात रुतते का. या परीक्षेला शिरूर-दौंडइतकं चांगलं केंद्र नाही. घोड-भीमेच्या काठचा ऊस, शेतीची वीज कधी दिवसपाळीला तर कधी रात्रपाळीला, आणि बिबट्याच्या धाकाने एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. नेमकं तेव्हाच ठिबकच्या नळीचं टोक सुटलं, तर तार पिळायला हात उरतात किती?

टिम लेदरमन हा अमेरिकन गृहस्थ 1975 साली बायकोसोबत जुनाट फियाटमधून युरोपात फिरत होता. गाडी रुसायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. (फियाट चालवलेल्या मराठी माणसाला या शोधामागची तळमळ वेगळी सांगायला नको.) 1983 मध्ये त्याचं पहिलं हत्यार बाजारात आलं, पण त्यातला चाकू दांड्यांच्या पोटात होता. सुतळी कापायची, तरी आधी अख्खी पक्कड उलगडा, पातं काढा, मग दांडे पुन्हा मिटा. दौंडला न वळता थेट जाणारी कॉर्ड लाइन होण्याआधी पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवून मागच्या टोकाला जोडत, तशातलीच ही गत. 1998 च्या ‘वेव्ह’मध्ये पातं बाहेरच्या अंगाला आलं आणि अंगठ्याने उघडू लागलं, हत्यारातली कॉर्ड लाइनच म्हणा ना. पण तिची पक्कड काढायला दोन हात लागतातच. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विसटूलचे दांडे गुळगुळीत, मुठीशी भांडत नाहीत; मात्र खिसा ओढतात. गर्बरच्या एका पक्कडीचा जबडा मनगटाच्या झटक्यासरशी दांड्यांतून पुढे येतो. दिसायला ती काही देखणी नव्हे. तरी रात्रीच्या पाण्यावर पहिला नंबर तिचाच, कारण काठी खाली ठेवावी लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या पैशात साध्या आठ इंची पक्कडी दहा येतील, आणि साधी पक्कड तरी कुठे एका कामाची? ती तार तोडते, खिळा उपटते, प्रसंगी हातोडी होते आणि घरात सांडशी सापडली नाही तर चहाचं पातेलंही उतरवते. सगळं खरं. ताकदीत घडीची पक्कड तिच्या पासंगालाही पुरत नाही. गंजका नट फिरवताना हे लगेच कळतं. पण साधी पक्कड असते मोटारसायकलच्या डिकीत, मोटारसायकल बांधावर, आणि नळी सुटलेली असते उसाच्या पार पलीकडच्या टोकाला. खिशातली पक्कड निम्म्या ताकदीची असली, तरी तिथे हजर असते. उरला पंपाचा स्टार्टर. त्याच्या पेटीत मात्र यातली एकही घालू नका. हिचे दांडे उघड्या स्टीलचे असतात. तिथे जाड प्लॅस्टिकच्या मुठीची साधी पक्कडच घ्या, आणि तीसुद्धा मेन स्विच पाडून.