मूळ पुरुष हुडकण्याची शास्त्रोक्त रीत

मूळ पुरुष हुडकायला निघणाऱ्या साधकाने घरात ही गोष्ट कुणालाही सांगू नये. मी सांगितली. आप्पा ओट्यावर पान जमवत बसले होते. अडकित्ता तसाच धरून म्हणाले, "वाटणी पायजे का तुला? सरळ सांग की." जुना उतारा मागणारा माणूस वाटणी, कर्ज किंवा दाखला यांपैकी एका कामाला निघालेला असतो. चौथं कारण गावाला ठाऊक नाही. कुणी विचारलंच तर 'दाखल्यासाठी' म्हणावं. लोक सहानुभूतीने चहा पाजतात.

नंतर मनाची तयारी. आपला मूळ पुरुष पानिपतावरून परतलेला सरदार होता, वाटेत त्याला हे शिवार आवडलं आणि त्याने घोडा इथेच बांधला, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. आमच्या एका तालुक्यात परतलेले घोडे मोजले, तर १७६१ ची लढाई आपण हरलो कशी हेच कळेनासं होतं. साधकाने हा घोडा घरी बांधून निघावं.

खरा माणूस बहुधा पायी आलेला असतो. दुष्काळाने किंवा पटकीने शिवार ओस पडायचं, सरकारला सारा हवा असायचा, मग पड जमीन उठवायला कौल दिला जायचा. पहिल्या साली नावापुरता सारा, पुढे दरसाल थोडा चढता, आणि काही सालांनी पुरता. याला इस्तावा म्हणत. असा कौल घेऊन बाहेरून येणारा माणूस गावच्या मिरासदारांच्या लेखी 'उपरी'. आमचा तो उपरी आणि आम्ही आज साखर कारखान्याच्या कामाला आलेल्यांना उपरे म्हणतो, तेही पारावर बसून, मोठ्याने.

आता उतारा. सातबारा हे दोन नमुन्यांचं एकत्र कुटुंब आहे: नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो, नमुना बारा तिच्यात काय पेरलं ते. नावांच्या शेजारी वेटोळ्यात आकडे असतात, ते फेरफारांचे. बारवेत उतरावं तसं एकेक वेटोळं धरून खाली जायचं. मात्र हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली. पायऱ्या तिथेच संपतात आणि तळाला पाणी लागलेलं नसतं.

या टप्प्यावर भाषा शिकून घ्यावी, नाहीतर फजिती होते. तलाठी भाऊसाहेब उतारा चाळत सहज म्हणाले, "तुमच्या पणजोबांना कंस झालाय." मी नकळत हात जोडले. नंतर कळलं की मयताचं किंवा हक्क सोडलेल्याचं नाव कमी करायचं तर ते खोडत नसत, कंसात घालत. आमच्या अख्ख्या वंशाला असा कंस झालेला आहे. कृष्ण अजून जन्माला यायचाय. तसंच 'ए.कु.मॅ.'. हे वाचून आमच्या भावकीतल्या एकाने पणजोबा मॅट्रिक झाल्याचं जत्रेच्या पत्रिकेत छापून टाकलं. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे पणजोबा मॅनेजर होते, पण मॅट्रिक नव्हते. पत्रिका वाटून झाली होती, त्यामुळे दुरुस्ती पुढच्या जत्रेत.

'अ.पा.क.' दिसलं तर मात्र थांबावं. अज्ञान पालन कर्ता. वारस लहान आहे, बाप गेलेला आहे, आणि पुढे आईचं नाव आहे. चार पिढ्यांच्या कागदांत बाई दिसते ती बहुधा इथेच. तोवर तिने जणू खुरपंही हातात धरलेलं नसतं.

गटवारी ही यानंतरची भिंत. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली सर्व्हे नंबर मोडून गट पाडले. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारा तक्ता एका कार्यालयात असतो. तो मागितला की उत्तर येतं, "अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही." मला हे उत्तर मिळालं तेव्हा त्याच बांधणीवर चहाचे दोन ग्लास ठेवलेले होते. म्हणजे तेवढा भार ती सोसत होती. क्षेत्राच्या आकड्यांनीही गांगरू नये. चाळीस गुंठ्यांचा एकर, ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद गुंठा, आणि त्याचे पुन्हा सोळा आणे. एक आणा म्हणजे सुमारे ६८ चौरस फूट, एक म्हैस ऐसपैस बसेल इतका. आमच्या भावकीत एका आण्यावरून दिवाणी दावा झालेला आहे. त्याची कैफियत वंशावळीसकट उपलब्ध आहे, हा त्या भांडणाचा उपकार. गोडीगुलाबीने राहणाऱ्या घराण्याची वंशावळ काढणं फार अवघड जातं.

पूर्वज मध्येच नाहीसा झाला तर पितृदोष वगैरे काढू नये, सारा पाहावा. प्रिंगल नावाच्या साहेबाने १८२७ पासून दख्खनच्या जमिनीची मोजणी केली, पिकाचं निव्वळ उत्पन्न मोठ्या बारकाईने काढलं आणि त्यातले शेकडा ५५ सरकारचे ठरवले. गणित सुबक होतं, फक्त ते भरायला रयत उरली नाही. इंदापुराकडचे लोक शेतं टाकून निजामाच्या मुलखात गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथेच पुन्हा मोजणीला बसावं लागलं, आणि या वेळी सारा उतरवून तीस वर्षांसाठी बांधून दिला गेला. ओस नंबर पुन्हा नांगराखाली आले. तुमचा मूळ पुरुष त्या वेळी पहिल्यांदा आला की पळून गेलेला परत आला, हे कागद सांगत नाही. सारा भरणारा कुठून आला, याच्याशी कागदाला देणंघेणं नसतं.

याच्याही मागे मोडी. या लिपीत 'ध'चा 'मा' झाल्याची दंतकथा आहे, त्यामुळे साधकाने वाचणाऱ्याचा मान ठेवावा आणि दर आधी ठरवावा. शब्दांत मोकळी जागा नाही, आणि वर सालही आकड्यात नसून अरबी शब्दांत: 'सलास अशर मयातैन व अलफ'. तीन, दहा, दोनशे आणि हजार, मिळून शुहूर सन १२१३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, म्हणजे इसवी १८१२-१३. पेशवे दफ्तरातून निवडून सरदेसाईंनी ४५ खंड छापले आहेत. त्यांत आमचा पूर्वज नाही. खलित्यात यायला लढावं लागतं. नांगर धरणारा कागदावर येतो तो थकबाकी, तंटा किंवा मरण यांपैकी एक निमित्त घडल्यावर. कोतवाल बुकात आमच्या एका आजोबांची नोंद सापडली. नाव, वय अंदाजे, कारण 'ताप'. सत्तर वर्षांच्या आयुष्याला एक शब्द, तोही शाई पसरलेला.

तीर्थावरच्या उपाध्यायांच्या वह्या हा राजमार्ग खरा, पण तिथे पूर्वज जितके पुण्यवान तितकी दक्षिणा जास्त.

सावकाराचा रोखा हा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्यातही एक खोट आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकून जाळली, आणि लोण आजूबाजूच्या गावांत गेलं. कर्जदारांची त्याने सोय झाली असेल, पण वंशावळ काढणाऱ्यांचं नुकसान कुणीच मोजलं नाही.

आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक रोखा निघाला. शके १७९०, म्हणजे १८६८. अमेरिकेतली यादवी संपून तीन वर्षं झाली होती, तिच्यामुळे चढलेला कापूस खाली आला होता, आणि आमच्या माणसाने बैलासाठी तीस रुपये उचलले होते. मोडी वाचणारे गुरुजी खालच्या डाव्या कोपऱ्यावर भिंग धरून बराच वेळ थांबले. "अक्षर नाही हे," म्हणाले. "निशाणी नांगर." लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा किंवा काढवून घ्यायचा. बोटाच्या पेराएवढं चित्र, खाली फाळ, वर रुमणं, पुढे गेलेली लांब रेघ.

आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि चित्राकडे पाहायच्या ऐवजी वरच्या कडेवर बोट फिरवलं. तिथून मधोमध बोटभर कागद फाटलेला होता.

मी म्हणालो, "कसर लागली असंल."

"कसर नव्हं. फाडल्यालंय ते. पैसं फिटल्यावर सावकार खत फाडून हातात द्यायचा." मग रोखा घडी घालून त्यांनी परत ट्रंकेत ठेवला. "बैल कुठला घेतला, त्ये लिवलंय का त्यात?"