माऊली, गुडघे वाकवा!

स्केटिंगच्या सरांना नाव नसतं. पालकांच्या मोबाइलमध्ये ते ‘स्केटिंग सर’ असतात, शाळेच्या शिपायाच्या तोंडी ‘चाकंवाले सर’ आणि मुलांच्या तोंडी नुसतेच ‘सर’. पण मुलं हाक मारतात ती पडता पडता, त्यामुळे ऐकू येतं ते ‘सऽऽऽर’. त्यांचं पूर्ण नाव एकदाच छापून आलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत. तिथेही आडनावाची वेलांटी चुकली होती.

असे सर अकोल्यात आहेत, खामगावात आहेत. जिथे गुळगुळीत फरशी आणि ‘शेजाऱ्याचं पोट्टं गेलं, आपलं काहून नाही?’ म्हणणारे पालक एका जागी येतात, तिथे एप्रिलअखेर विजेच्या खांबावर फलक लटकतो : ‘उन्हाळी स्केटिंग शिबिर. प्रवेश मर्यादित.’ ही मर्यादा स्केटच्या जोड्यांची असते. सरांच्या मनाला मर्यादा नाही.

आमचे शेगावचे सर पस्तिशीचे. गळ्यात शिट्टी, हातात चाकं आवळायचा पाना आणि अंगात पाठीवर ‘इंडिया’ लिहिलेलं जाकीट. पारा 44 वर गेला तरी जाकीट उतरत नाही. ‘गरम नाही होत का सर?’ असं विचारलं तर ‘देशाचं नाव आहे न बाप्पा पाठीवर,’ असं उत्तर मिळतं. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांनी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून घेतली. या मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. सर ही हकीकत सांगताना ‘आम्ही बर्लिनला गेलो तेव्हा’ अशी सुरुवात करतात. नवे पालक मनातल्या मनात वयाचा हिशोब करतात आणि तो जमेपर्यंत फी भरून मोकळे होतात.

व्हॉट्सॲपच्या डीपीत सर बर्फात उभे आहेत. अंगात जांभळा सूट, पायात गमबूट, खांद्यावर स्नोबोर्ड. हा फोटो मनालीच्या सहलीत सोलंगला काढलेला. सूट भाड्याचा, गमबूट भाड्याचे, बोर्ड तर फोटोपुरताच हातात दिलेला. डोंगर तेवढा सरकारी. पण गावात बोलवा झाली की सर तिकडे बर्फावर लेकरांना शिकवत होते. सरांनी ती कधी पसरवली नाही आणि कधी खोडलीही नाही. कुणी विचारलंच तर ते दूर कुठेतरी बघून म्हणतात, ‘बर्फाचं येगळंच असते.’ हे वाक्य खोटं आहे असं काश्मीरचा माणूसही म्हणू शकणार नाही.

खरं तर गुलमर्गच्या उतारावर मुलांना स्नोबोर्ड शिकवणारा माणूस आणि आमचे सर यांचा धंदा एकच. त्याच्याकडे बर्फ आहे, यांच्याकडे मंगल कार्यालय. शेगाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर वसलेलं. इथे उतार म्हणाल तर कार्यालयाच्या मागच्या दाराचा रॅम्प. केटरिंगवाले त्यावरून गॅसची सिलिंडरं वर चढवतात आणि सर त्याच रॅम्पला ‘डोंगर’ म्हणतात. ‘पुढच्या आठवड्यात डोंगर घेऊ,’ असं त्यांनी जाहीर केलं की मुलांची झोप उडते आणि आयांची जेवणं. बर्फाच्या रिसॉर्टमध्ये लहान मुलांना वर नेणारा सरकता पट्टा असतो, त्याला तिथे ‘मॅजिक कार्पेट’ म्हणतात. आमच्याकडेही कार्पेट आहे, ते वरातीचं. नव्या मुलांना आधी त्याच्यावरच उभं करतात, कारण गालिच्यावर चाकं पळत नाहीत. परत वर चढायला मात्र पट्टा नाही. तिथे वडील लागतात.

हंगाम म्हणजे मे महिना, आणि मे महिना म्हणजे लग्नं. त्यामुळे शिबिराचं वेळापत्रक सर आखत नाहीत, पंचांग आखतं. ग्रुपवर रात्री निरोप येतो : ‘उद्या दाट तिथी. बॅच बंद.’ कधी सकाळचा वर्ग सुरू असतानाच मांडववाल्यांचा टेम्पो लागतो. मग मुलं खुर्च्यांच्या रांगांतून नागमोडी जायचा सराव करतात. त्याला सर ‘अडथळा प्रशिक्षण’ म्हणतात आणि मांडववाला जे म्हणतो ते छापण्यासारखं नसतं. एकदा एक मुलगी थांबता न आल्यामुळे थेट नवरदेवाच्या खोलीत गेली. ‘मुहूर्त साधला पोरीनं,’ असं म्हणत सरांनी तिला मागे वळवलं.

पहिल्या दिवशी सर चालणं शिकवत नाहीत, पडणं शिकवतात. गुडघे वाकवा, अंग पुढे झुकवा, गुडघ्याच्या पॅडवर उतरा, मुठी मिटा. मुठी का, तर घाबरलेला माणूस पडताना तळहात टेकवतो आणि मनगट जातं. चाकांवर नव्याने उभ्या राहणाऱ्याचं जे होतं, तेच बर्फावर बोर्ड बांधून पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याचंही होतं. त्यामुळे सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून सर शिट्टी वाजवतात, की वीस-पंचवीस लेकरं एकदम खाली. फाटकाशी उभी असलेली आजी कळवळते, ‘अवं मायबाई! पैसे देऊन काहून पाडता लेकराइले?’ सर शांतपणे सांगतात, ‘आजी, फुकट पडलं की लागते.’

दुसऱ्या दिवसापासून फराळ सुरू होतो. युरोप-अमेरिकेत बर्फावर मुलांना शिकवणारे शिक्षक पायांच्या ठेवणीला खाण्याची नावं देतात. पुढची टोकं जुळवून वेग कमी करायचा तो ‘पिझ्झा’ आणि पाय समांतर ठेवून सुटायचं ते ‘फ्रेंच फ्राइज’. सरांनी हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि शेगावला साजेसं करून घेतलं. थांबायचं तो ‘समोसा’. सरळ जायचं त्या ‘दोन मिरच्या’, कचोरीसोबत तळून मिळतात त्या. पाय बाहेर फाकवून पुन्हा आत घेत गोल काढायचा, ती अर्थातच ‘कचोरी’. सकाळी सहा वाजता कार्यालयातून आवाज येतो, ‘कचोरी! मोठी काढ! आता मिरच्या, मिरच्या… समोसा! अरे समोसा सांगितला न मी!’ बाहेरगावचे भाविक दर्शन आटोपून स्टेशनाकडे निघालेले असतात. त्यातले काही जण आत डोकावून विचारतात, ‘नाश्ता चालू झाला का?’

सरांचं खरं बळ मात्र आवाजात आहे आणि तो आवाज त्यांना कुठल्या पदवीने दिलेला नाही. गजानन महाराजांच्या मंदिरात दर्शनबारी लागते, तेव्हा सेवाधारी ‘चला माऊली, पुढे चला माऊली’ एवढ्यावर हजारोंची रांग सरकती ठेवतात. सरही वर्षातले काही दिवस सेवेला असतात. प्रकटदिनाला दिंड्या गावात उतरतात तेव्हा ते शिट्टी घरी ठेवून बारीत उभे राहतात. तिथे दोन नियम : कुणाला ढकलायचं नाही आणि कुणाला थांबूही द्यायचं नाही. स्केटिंग शिकवायलाही याहून तिसरा नियम लागत नाही. म्हणून पाच वर्षांचं, नाक वाहणारं, कठड्याला मिठी मारून बसलेलं पोर असलं तरी सर त्याला म्हणतात, ‘माऊली, गुडघे वाकवा. माऊली, कठडा सोडा. पुढे चला माऊली, मागं रांग आहे.’ पोर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी माऊली झालेलं असतं. त्या मानापोटी ते कठडा सोडतं.

मुलं आठवड्यात सरळ होतात. पालकांना महिना पुरत नाही. एक आई हेल्मेटच्या आत टोपी, टोपीच्या आत रुमाल आणि रुमालात कांदा ठेवून पाठवते. उन्हाचा कांदा आणि पडण्याचं हेल्मेट, दोन्ही संकटांचा बंदोबस्त एकाच डोक्यावर. दुसरीचं सगळं लक्ष व्हिडिओवर. मुलगा पडला तर म्हणते, ‘सर, परत एकदा घ्या न, मी आडवा मोबाइल धरला नव्हता.’ इंजिनिअरिंगला शिकवणारे एक पालक फरशीचा घर्षणगुणांक विचारतात. सर म्हणतात, ‘आज कमी आहे, काल रात्री बुंदी सांडली होती.’ पण बहुसंख्य पित्यांचा प्रश्न एकच : ‘दहावीले गुण किती भेटतात?’ खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, हे यांना पोर बालवाडीत असल्यापासून पाठ असतं. सर समजावतात, आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. वडील मध्येच तोडतात, ‘थेट राज्य नाही का होत?’

यावर उतारा म्हणून पालकसभा. इथे सरांची विद्वत्ता फुलते. 1760 च्या दशकात लंडनला जोसेफ मर्लिन नावाचा बेल्जियमचा कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत मेजवानीत शिरला. निघायचं कसं हे त्याने ठरवलं होतं, थांबायचं कसं हे ठरवलं नव्हतं. तो एका महागड्या आरशात घुसला; आरसा फुटला, व्हायोलिन फुटलं, तो स्वतःही फुटला, असं सांगतात. इथे सर थांबून वधूपक्षाच्या खोलीतल्या आरशाकडे बघतात. कार्यालयाचा मालक लगबगीने उठून त्या खोलीचं दार लावून येतो. मग 1863 सालचा अमेरिकेचा प्लिम्प्टन येतो, ज्याच्या स्केटला झुकून वळता यायला लागलं. मग थेट 2023 चं हांगझोऊ. तिथल्या आशियाई खेळांत 3000 मीटर रिलेचं कांस्य भारताने घेतलं आणि त्या चमूत आपले विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. शेवटी 2025. चीनमधल्या जागतिक स्पर्धेत तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने 1000 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. टाळ्या पडतात. मागून प्रश्न येतो, ‘त्याले दहावीत किती भेटले?’

सरांना स्वतःला स्केटिंग येतं का, हा गावातला जुना वाद आहे. वर्गात ते कायम चपलेत असतात. नास्तिकांचा एक गट पानठेल्यावर भरतो आणि पैजा लावतो. उत्तर वर्षातून दोनदाच मिळतं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला. प्रभातफेरीच्या पुढे तिरंगा घेऊन सर चाकांवर निघतात, पाठ ताठ, नजर समोर. रस्त्यावर खड्डा आला की ते असे वळसा घालतात की बघणाऱ्याला खड्डा मुद्दाम सरांसाठीच ठेवला असावा असं वाटतं. पानठेल्यावर दोन दिवस शांतता असते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘सरळ रस्त्यावर कोणीबी जाईन. मागं जाऊन दाखवा म्हणा.’

पैशाच्या बाबतीत मात्र सर मागेच जातात. जून ते मार्च एका विनाअनुदानित शाळेत मानधनावर; ‘मान’ दरमहा मिळतो, ‘धन’ दिवाळीला. शिबिराची फी पालक ‘पुढच्या गुरुवारी’ देतात आणि शेगावात गुरुवारांना काय तोटा! ती आली की तिच्यातून सर मेरठ-जालंधरचे स्केट मागवतात. पुण्या-मुंबईचं पोर नवा जोड घेतं. इथे एक जोड तीन-चार घरं फिरतो. म्हणून सरांकडे एक वही आहे, तिच्यात गावातल्या निम्म्या लेकरांच्या पायांचे नंबर लिहिलेले आहेत. बाजारात पोर भेटलं की सर आधी पायांकडे बघतात. ‘वाढला न बे तू. तुह्या स्केट आता त्या कापूसवाल्याच्या पोरीले द्याव्या लागतीन.’ पोराच्या आईला वाटतं सरांनी लेकाचं कौतुक केलं. लेकाला कळतं की जप्ती आली.

शिबिराच्या समारोपाला सगळ्यांना पदक. पडलेल्यालाही, रडलेल्यालाही आणि एकदाही न आलेल्यालाही, कारण त्याची फी आगाऊ जमा होती. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत मात्र असं चालत नाही. तिथे घड्याळ माऊली म्हणत नाही. आमची मुलं बहुधा पहिल्या फेरीतून परततात. पण एक गोष्ट मोठ्या क्लबांच्या प्रशिक्षकांनीही कबूल केली : शेगावची पोरं पडली की ओरडत नाहीत, मुठी मिटून गुडघ्यावर उतरतात, उठतात आणि शर्यत संपवतात. सर हे ऐकून काही बोलले नाहीत. जाकिटाची चेन तेवढी गळ्यापर्यंत ओढली.

2020 पासून ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ लेह आणि गुलमर्गला भरू लागले आणि महाराष्ट्राची मुलं लेहच्या बर्फावरून आइस स्केटिंगची पदकं आणू लागली. बर्फ न पडणाऱ्या राज्यातल्या अशा पोरांचे पाय बहुधा फरशीवर, चाकांवरच तयार होतात. ही बातमी वाचल्यापासून सरांच्या डीपीला नवा अर्थ आला. त्यांनी सुताराकडून एक फळी तासून घेतली, खाली जाड पाइपाचा तुकडा ठेवला आणि वर तोल सांभाळत उभे राहिले. पानठेल्यावरचे हसले. सरांकडे इतिहास तयार होता : 1965 साली अमेरिकेत शर्मन पॉपेनने आपल्या मुलीसाठी दोन स्की एकमेकींना बांधून दिल्या, तिथून स्नोबोर्ड निघाला आणि 1998 ला नागानोच्या ऑलिम्पिकपर्यंत पोचला. ‘त्याच्याकडेबी तेव्हा कंपनी नव्हती, बाप्पा. पोरगीच होती.’

यंदा खांबावर नवा फलक लागला. ‘स्नोबोर्डिंग पायाभूत बॅच. वय 5 ते 12. स्थळ : तेच. वेळ : मुहूर्त नसेल तेव्हा. फी पूर्वीचीच (बर्फ वगळून).’ पहिल्याच सकाळी एक आजोबा नातवाला घेऊन आले. चष्मा वर करून त्यांनी फलक दोनदा वाचला आणि कंसावर बोट ठेवलं.

‘सर, म्हंजे बर्फाचे ज्यास्तीचे लागतीन का?’

कार्यालयात वर्षानुवर्षं लग्नाचे सौदे ऐकून तयार झालेले सर वहीतून मान वर न काढता म्हणाले, ‘नाही माऊली. बर्फ पार्टीचा, पडणं आमच्याकडं. नातवाच्या पायाचा नंबर सांगा.’