बँकवाल्याचा बँजो

अमेरिकेत फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोनच. हॉटेलातलं बर्फाचं पाणी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवडाअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधलं गाणं. पैकी पाण्यावर आईंचा विश्वास बसला होता, गाण्यावर बसेना. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर सदाशिव पेठेतलं आणि ‘सवाई’ची भारतीय बैठक पाठीचा कणा कुरकुरेपर्यंत निभावलेली. “तिकीट नाही म्हणजे मध्येच कुणीतरी पातेली विकायला उभा राहणार,” असं भाकीत करूनच त्या फ्रीमाँटहून निघाल्या.

उत्सवाचं नाव ‘हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास’. ब्लूग्रास म्हणजे बँजोच्या साथीचं अमेरिकी ग्रामीण संगीत. 2001 साली सुरू झाला तेव्हा नुसतंच ‘स्ट्रिक्टली’ होतं. मग इतर तऱ्हेचे गाणारेही शिरले, आणि 2004मध्ये आयोजकांनी सोवळं सुटल्याचं नावातच जाहीर करून टाकलं. पुण्यात यावर निदान तीन वर्षं वाचकांचा पत्रव्यवहार चालला असता.

बागेत पोचल्यावर मात्र आई एकदम घरच्यासारख्या वावरू लागल्या, कारण समोर साक्षात जागा धरण्याचा कार्यक्रम चालू होता. भल्या पहाटे येऊन अंथरलेल्या निळ्या ताडपत्र्या, त्यांच्या कोपऱ्यांवर ठेवलेले बूट, बुटांवर राखणीला कुत्रा. आईंनी दोन ताडपत्र्यांच्या मधली फट हेरली, सोलापुरी सतरंजीची घडी अर्धीच उघडली आणि शेजारच्या काऊबॉय टोपीवाल्या आजोबांकडे पाहून गोड हसल्या. दहा मिनिटांत सतरंजी पूर्ण उघडली होती, आणि आजोबा थालीपिठाचा तुकडा हातात घेऊन आपले पाय पोटाशी धरून बसले होते.

अप्पांची अडचण वेगळी होती. अप्पा म्हणजे माझे सासरे, गिरगावचे. त्यांच्या लेखी बेंजो म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या बटणांचा, कर्ण्यातून सिनेमाची गाणी ओतणारा. इथे एक सडपातळ गृहस्थ गळ्यात भलतंच गोल वाद्य अडकवून उभे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींना नख्या, आणि त्या तीन बोटांतून स्वर असे सांडत होते की मोजायची सोय नाही. बिल मनरोच्या वाद्यवृंदात 1945च्या सुमारास अर्ल स्क्रग्ज नावाच्या तरुणाने ही तीन बोटांची करामत आणली, आणि ब्लूग्रासला आज ओळखतात ते रूप आलं. बँजोचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर आले, हेही मी सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. “मिरवणुकीला चालणार नाही,” ते म्हणाले, पण त्यांची चप्पल ताल धरून होती.

“काय म्हणतोय तो?” आईंनी विचारलं.

“प्रेयसीला नदीकाठी फिरायला नेलं म्हणतोय.”

“बरं. मग?”

“मग बुडवून मारली.”

या संगीतात अशा खुनी कथागीतांची जुनी परंपराच आहे, आणि चाल अशी की वरात निघाल्यासारखं वाटावं. आमच्या पुढ्यात कानांवर गुलाबी गोल झाकणं लावलेलं जेमतेम वर्षाचं बाळ त्या खुनावर मनापासून डोलत होतं. सहकुटुंब बघण्याचा कार्यक्रम तो हाच. हवेत एक उग्र वास तरंगत होता. त्याबद्दल आईंचं मत चांगलं होतं: “डासांसाठी काहीतरी पेटवलंय, बरं केलं.” आम्ही कोणी ते खोडलं नाही.

पण आईंना खरा प्रश्न पडला होता तो खर्चाचा. मांडव, ध्वनिक्षेपक, एवढे कलाकार, आणि कुठे प्रायोजकाचा एक फलक नाही. पैसे कोण देतं? वॉरन हेलमन नावाच्या एका गुंतवणूकदार धनाढ्याने दिले. स्वतः हौसेने बँजो वाजवायचा. 2011 साली तो वारला, पण पुढेही उत्सव चालावा एवढी तजवीज करून गेला. ज्या मैदानावर आम्ही बसलो होतो, त्याला आता त्याचंच नाव आहे.

अप्पा कान टवकारून ऐकत होते. त्यांची उभी हयात बँकेत कॅशियर आणि युनियनचे पुढारी म्हणून गेलेली. त्यांना मी हेझल डिकन्सबद्दल सांगितलं: वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांच्या घरातली, संपाची आणि कामगारांच्या हक्काची गाणी करवती आवाजात म्हणणारी बाई. हेलमन तिच्या गाण्यावर फिदा होता. ती या उत्सवात वर्षानुवर्षं गायली.

“म्हणजे मालकाने पैसे देऊन युनियनची गाणी म्हणवून घेतली?” अप्पांचा आवाज चढला. “आमच्या चेअरमनला आम्ही फुकट ऐकवत होतो, तर खिडकी लावून घ्यायचा!”

त्यानंतर त्यांना पलीकडच्या मैदानावरच्या मंचाकडे जायचं होतं, कारण नकाशात त्या मैदानाचं नाव ‘मार्क्स मेडो’ होतं. तो मार्क्स वेगळा, असं माझ्या नवऱ्याने सांगून पाहिलं. ते गेलेच. येताना खूश होते.

चारच्या सुमारास पॅसिफिककडून धुकं आलं. इथल्या लोकांनी या धुक्याचं नाव ‘कार्ल’ ठेवलंय, हे मी अप्पांना मुद्दामच सांगितलं नाही. आत्तापर्यंत बिनबाह्यांच्या बनियनवर असलेलं पब्लिक कुडकुडायला लागलं आणि आईंनी पिशवीतून एकामागून एक कानटोप्या काढल्या. एक टोपीवाल्या आजोबांना दिली, ती त्यांनी काऊबॉय टोपीच्या आत घातली. रविवारची सांगता एमिलू हॅरिसने करायची, हा इथला रिवाज. पांढऱ्याशुभ्र केसांची ती बाई गायला लागली तेव्हा आईंनी भाषांतर मागितलं नाही. “हिचा सूर लागलाय,” एवढंच म्हणाल्या. सदाशिव पेठेतून याहून मोठं प्रशस्तिपत्रक निघत नाही.

तुम्ही ऑक्टोबरात लेकाकडे किंवा लेकीकडे बे एरियात असाल तर जरूर जा. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही. बार्टने सिव्हिक सेंटरला उतरा, पाच नंबरची फुल्टन बस पकडा. आणि सतरंजी घरूनच न्या. ती तिथे फुकट मिळत नाही.