माईसाहेबांची स्वारी

आमच्या कॉलनीत त्यांना पूर्वी सगळे काकूच म्हणत. मग टीव्हीवर एक ऐतिहासिक मालिका सुरू झाली आणि महिनाभरात काकू स्वतःला ‘आम्ही’ म्हणू लागल्या. एका सकाळी फाटकात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, ‘आम्ही भाजी घ्यायला आलो आहोत.’ भाजीवाल्याने त्यांच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘आणखी कोण कोण येऊन राहिलं?’ तेव्हापासून त्या माईसाहेब. मालिका केव्हाच संपली, माईसाहेब चालूच आहेत.

असं माणूस आता शहरागणिक सापडतं. त्याला इतिहास नको असतो. सनावळ्या, तह, महसूल यांचा त्याला कंटाळा. त्याला हवा असतो तो काळ, म्हणजे खांब, झुंबर, समई आणि त्यांच्यामध्ये आपण. पुण्याच्या माईसाहेबांना हे सोपं आहे. शनिवारवाडा घराशी, आणि गाडी काढली की वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट. विलायतेतल्या माईसाहेबांची तर चैनच. जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरून १९९५ साली निघालेल्या मालिकेत डार्सीचं घर म्हणून दाखवलेलं लाइम पार्क असो की ‘डाउनटन अॅबी’चं हायक्लेअर कॅसल, तिकीट काढायचं, हिरवळीवर घोळदार झगा मिरवायचा आणि वर चहा-केक खाऊन घरी यायचं. नागपूरच्या माईसाहेबांना मात्र तो काळ स्वतः उभा करावा लागतो, तोही मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत.

कारण सुट्टी मे महिन्यातच असते. शिवलेली नऊवारी, दाबाची नथ, इतवारीतून आणलेला मोत्यांचा तन्मणी, तयार अंबाडा, आणि या सगळ्याच्या खाली स्पोर्ट्स शूज. फोटो कमरेपासून वर काढायचा असल्याने शूज इतिहासात येत नाहीत. मागून काका. काकांच्या एका खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, दुसऱ्याला फोनचं स्टँड, खिशात कांदा आणि डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. माईसाहेबांची तक्रार असते की हा दुपट्टा त्या काळात बसत नाही. काका म्हणतात, ‘माझा बाप हेच बांधे, त्याचाही बाप हेच बांधे. तुझ्या अंबाड्यापेक्षा जुना आहे हा.’

स्वारी पहिल्यांदा महाल भागात जाते. भोसल्यांचा मूळ राजवाडा काळ्या दगडाचा होता, लाकडावर भरघोस नक्षी होती, आणि तो १८६४ साली जळाला. भव्य दरवाजा तेवढा उरला. राजघराण्याचे वंशज महालात आजही राहतात, पण माईसाहेबांच्या मनातला राजवाडा म्हणजे तो जळालेलाच. दुसरा कुणी असता तर दरवाजा पाहून हळहळला असता. माईसाहेब म्हणतात, उलट बरं झालं. मालिकेतल्या दरवाज्यामागे तरी काय असतं? प्लायवूड. त्या दरवाज्यात उभ्या राहून कुणाला तरी निरोप देत असल्यासारखा हात उंचावतात आणि समोरून ई-रिक्षावाला थांबून विचारतो, ‘कुठं जाऊन राहिले, मॅडम?’

माईसाहेबांचा इतिहास रघुजीराजांपासून सुरू होतो. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२च्या सुमाराला बारा खेडी जोडून हे शहर वसवलं, हे त्यांना मी अनेकदा सांगून पाहिलं. त्या दरवेळी सौजन्याने ऐकतात आणि विचारतात, ‘त्यांच्या राण्या काय नेसत?’ मला सांगता येत नाही. मग गोंड राजवटीचा विषय तिथेच संपतो. मला वाटतं, आपल्याकडच्या बऱ्याच इतिहासाचं हेच झालं आहे: ज्याचा पोशाख शिवून मिळत नाही तो काळ कुणाला आठवत नाही.

खासगी वाडे पाहणं ही निराळी मोहीम. तिथे तिकीट नसतं, फक्त दिंडीतून डोकावायचं असतं, आणि आतून एकच प्रश्न येतो: ‘कोण पाहिजे?’ माईसाहेब म्हणतात, ‘आम्हाला वाडा पाहायचा आहे.’ आतल्या आजी त्यांना नथीपासून शूजपर्यंत न्याहाळतात. ‘पहा न बाई, पाहायला काय लागते? पण वर नका जाऊ, फळ्या सडल्या.’

मग माईसाहेब ओसरीवर हात फिरवतात, सागवानी खांबाला गाल लावतात, कोनाड्यात स्वतःजवळची बॅटरीची पणती ठेवतात. चौकात दोरीवर वाळत असलेले बर्मुडे काकांना हळूच बाजूला सारावे लागतात. कूलरवर शेला टाकून त्याचा चौरंग केला जातो. बंगईवर बसल्या की माईसाहेबांचे डोळे मिटतात. ‘काय दिवस असतील हो ते!’

आजींना राहवत नाही. ते दिवस त्यांनी सासूकडून ऐकलेले असतात आणि थोडे स्वतः भोगलेले. माजघरातला काळोख, रहाटाने ओढलेलं पाणी, पंक्तीमागून पंक्ती, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवण. दिवाणखान्यात बायकांनी फक्त झाडायला जायचं. आता त्याच वाड्याच्या वाटणीचा दावा कोर्टात आहे, चुलत घराण्याला स्कीम बांधायची आहे, बिल्डर येऊन मोजमाप करून गेला. हे सांगताना आजी पदर खोचतात, दिराचं नाव घेताना आवाज खाली आणतात, मधेच वरच्या खिडकीकडे पाहतात. मी शपथेवर सांगतो, कारस्थान, वारसा, फितुरी, विष, सगळं त्या बोलण्यात होतं. साडेतीनशे भाग सहज निघाले असते. माईसाहेब तेवढ्यात काकांना सांगत होत्या की आजी फ्रेममध्ये येत आहेत.

बाकाबाईंचा किस्साही तिथलाच. दुसऱ्या रघुजीराजांची ही राणी माईसाहेबांची फार लाडकी. कॉलनीच्या कार्यक्रमात त्या बाकाबाई होऊन बसल्या होत्या. हे आजींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तिलाच तर जाळते न दरसाली!’ आणि ते खरंच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत निघते. बाकाबाई इंग्रजांना मिळाली म्हणून तिची ही धिंड, असं लोक सांगतात. शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी ही मिरवणूक, ईडापीडेच्या आरोळ्या आणि शेवटी दहन. मला वाटलं, आता तरी माईसाहेब राणी बदलतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘चालेल. दागिने नेहमी खलनायिकेलाच जास्त असतात.’

बागेची हौस महाराजबागेत भागते. नावाप्रमाणे ती भोसल्यांचीच. १८९४ साली तिथे प्राणिसंग्रहालय झालं, आणि आज सगळा कारभार अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे, म्हणजे त्यांच्या इथल्या कॉलेजकडे आहे. नागपूरच्या राजाची बाग अकोल्याच्या हाती, यावर काका दरवेळी तोच विनोद करतात. माईसाहेबांना ताटव्यांमधून एकटीने, विचारमग्न चालायचं असतं. पण सुट्टीच्या संध्याकाळी तिथे एकटं कुणीच नसतं. पुढे फुगेवाला, मागे लेकराला हरीण दाखवणारं अख्खं कुटुंब, बाजूला लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. त्यांतल्या एका फोटोग्राफरने माईसाहेबांना नवरदेवाची आजी समजून रांगेत उभं केलं. त्या उभ्या राहिल्या. फोटो चांगला आला असावा, कारण मुलीकडचे जाताना पाया पडून गेले.

हसायचं तेवढं मी हसून घेतो, पण एक मान्य करावं लागतं. महालातल्या कुठल्या गल्लीत कोरीव महिरप आहे, कुठल्या वाड्याचा चौक शाबूत आहे आणि कुठल्या वाड्यावर पत्र्याचं कुंपण पडलं, हे आमच्या अख्ख्या कॉलनीत फक्त माईसाहेबांना ठाऊक असतं. पाडलेल्या वाड्यांचे खांब विकत घेऊन हॉटेलं सजवणारे लोक त्यांच्याकडेच चौकशीला येतात. त्या कुणाला काही सांगत नाहीत. ‘आमचे खांब आहेत ते,’ म्हणतात.

आता सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याच टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो आणि सामान्यांसाठी वर्षातून तीनदा उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. तुम्ही गेलात आणि गर्दीत नऊवारीतल्या एक बाई, त्यांच्यामागे दुपट्टा बांधलेले थकलेले गृहस्थ दिसले, तर त्यांच्या हातून फोन घ्या आणि दोघांचा मिळून एक फोटो काढून द्या. काका आजवर एकाही फोटोत आलेले नाहीत. फोन आडवा धरा, आणि शूज येऊ देऊ नका.