बारा आण्यांचा मसाला

न सांगता तेरा पाहुणे येऊन थडकतात, कोठीतलं होतं-नव्हतं ते फस्त करतात आणि मग उठून, गाणी म्हणत, एकही बशी न फोडता सगळी भांडी घासून ठेवतात. जगात ड्रॅगन असतो यावर मी एक वेळ विश्वास ठेवीन. असे पाहुणे असतात यावर नाही. जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’च्या पहिल्याच प्रकरणात हे घडतं. फँटसी म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं.

ऑक्सफर्डात शिकवणाऱ्या टॉल्किनने या पुस्तकाचं पहिलं वाक्य परीक्षेचे पेपर तपासता तपासता, विद्यार्थ्याने कोऱ्या सोडलेल्या पानावर खरडलं. पुस्तक आलं १९३७ साली. १९ प्रकरणं, जेमतेम ३०० पानं. नायक बिल्बो बॅगिन्स म्हणजे दोनदा न्याहारी करणारा, पोट सुटलेला गृहस्थ. त्या तेरा बुटक्या पाहुण्यांबरोबर मोहिमेवर निघताना तो टोपी, काठी, पैसे सगळं घरी विसरतो. पण जीव हळहळतो तो हातरुमालासाठी. संकट आलं की त्याला शस्त्र आठवत नाही, चुलीवरची चहाची किटली आठवते. इतका आपल्यातला नायक मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात भेटला नाही.

आणि मग पीटर जॅक्सनने सिनेमा काढला. एक नाही, तीन.

याच जॅक्सनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चेही तीनच सिनेमे केले होते, पण ती कादंबरी हजारेक पानांची. हिशोब चोख होता आणि शेवटच्या भागाला ११ ऑस्करही मिळाले. ‘हॉबिट’ आधी गिलर्मो डेल तोरो करणार होता. तो २०१० साली बाजूला झाला आणि पुन्हा जॅक्सनच्या गळ्यात माळ पडली. तेव्हा बेत दोन सिनेमांचा होता. २०१२च्या जुलैत, पहिला भाग झळकायला पाच महिने उरले असताना, जाहीर झालं की आता तीन. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! तिन्ही भागांची लांबी मिळून भरते ४७४ मिनिटं. तेवढ्या वेळात पुस्तक वाचून संपतं आणि मध्ये वामकुक्षीही होते.

आता एवढा वेळ भरायचा कशाने? पुस्तकात ज्याच्या मरणाची गोष्ट जुनी झालेली आहे, तो अझोग सिनेमात जिवंत करून तिन्ही भाग बुटक्यांच्या मागे लावला. राडागास्ट नावाच्या जादूगाराला सशांची गाडी दिली. मूळ गोष्टीशी बादरायण संबंध असलेला लेगोलास आणला. तिसऱ्या भागात तो कोसळत्या पुलाच्या दगडांवरून पायऱ्या चढावं तसा वर धावत जातो, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी पॉपकॉर्न तोंडाशी नेता नेता हात थांबवला. ते बहुधा फिजिक्स शिकवत असावेत. त्यातच टॉरिएल ही नवीकोरी एल्फ-कन्या निर्माण करून तिला एका बुटक्याच्या प्रेमात पाडलं. ही भूमिका करणाऱ्या इव्हँजेलिन लिलीने सांगितलं आहे, की प्रेमाचा त्रिकोण नको या अटीवर तिने होकार दिला होता. पुढे जादा चित्रीकरणाला बोलावलं आणि त्रिकोण तयार! सोयरिकीच्या बैठकीतली वचनंसुद्धा यापेक्षा जास्त टिकतात.

पण घातलं त्याचं मला एवढं दुःख नाही. घालण्याच्या गडबडीत जे चेंगरलं, त्याचं आहे.

एल्फांच्या कैदेतून बिल्बो आपल्या सोबत्यांना पिंपांत कोंबून, झाकणं लावून, नदीत सोडतो. स्वतः बाहेरून एका पिंपाला लोंबकळत भिजत येतो. परिणाम? सर्दी. पुढे गावकरी मोहिमेच्या सन्मानार्थ मेजवानी देतात आणि आपला नायक चोंदलेल्या नाकाने कसेबसे आभार मानतो. सिनेमात पिंपं उघडी, दोन्ही काठांवर शत्रू आणि बाणांचा पाऊस. एवढ्या धामधुमीत शिंकायला कुणाला सवड?

किंवा तो बोगदा घ्या. स्मॉग हा ड्रॅगन म्हणजे अस्सल आयत्या बिळावरचा नागोबा. बुटक्यांच्या महालात, त्यांच्याच सोन्यावर पसरलेला. बिल्बो अंधारातून एकटा खाली निघतो. पुढे लालसर उजेड, ऊब वाढत चाललेली आणि हळूहळू ऐकू येणारी घोरण्याची घरघर. तो थबकतो. टॉल्किन म्हणतो, की तिथून पुढे पाऊल टाकणं हेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शौर्य. खरी लढाई तिथंच झाली, ड्रॅगन दिसायच्याही आधी. कुणी बघत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. सिनेमाला हा एक क्षण परवडला नाही. त्याला परवडलं काय, तर सोन्याचा रस ओतून ड्रॅगनला मुलामा देण्याचा कारखाना! ज्या बुटक्यांची पुस्तकात स्मॉगसमोर उभं राहायची छाती होत नाही, ते इथे भट्ट्या पेटवून पाळीत कामाला लागतात.

शेवटच्या महायुद्धात तर पुस्तकातल्या बिल्बोच्या डोक्यात धोंडा बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा लढाई आटोपलेली. नायकाला ऐन युद्धात झोपवणारा लेखक किती निर्धास्त असेल! छोट्या माणसाची गोष्ट छोटीच राहू द्यायला हिंमत लागते. तिसरा सिनेमा बघताना मला बिल्बोचा हेवा वाटला. एखादा धोंडा इकडेही आला असता, तर निदान पाऊण तास सुटका झाली असती.

हे सगळं मी माझ्या भाचीला सविस्तर ऐकवलं. तिला सिनेमे प्रचंड आवडले होते, विशेषतः टॉरिएल. तिने शांतपणे माझी प्रत मागून नेली. परत केली तेव्हा चेहरा पडलेला होता.

“मामा, वाट लावलीय रे सगळी,” ती म्हणाली. “टॉरिएल नाहीच. लढाई चार पानांत उरकलीय, तीही बिल्बोला झोपवून. आणि अख्ख्या पुस्तकात एक बाई तोंड उघडत नाही. मूळ गोष्टीची यांना काही किंमतच नाही!”

“अगं, मूळ गोष्ट हीच आहे,” मी म्हटलं. “सिनेमा ७५ वर्षांनी आला.”

“म्हणजे तेवढी वर्षं यात काहीच सुधारणा नाही?”

टॉल्किनचा असा अपमान मला सहन होईना. “झाली की! १९५१च्या आवृत्तीत त्याने गॉलमचं प्रकरण स्वतः बदललं होतं.”

“बघ!” ती म्हणाली. “हात घातलाच होता, तर त्याच वेळी एक मुलगी घालायला काय झालं होतं?”