चाळीस टेकड्या, एक गिअर

सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते आखणाऱ्यांनी टेकड्या पाहिल्याच नसाव्यात, असं मानायला भरपूर जागा आहे. कागदावर पट्टी ठेवून चौकटी पाडल्या आणि मध्ये आलेल्या चाळीसेक टेकड्यांनी आपापलं बघून घ्यावं, असं बहुधा ठरलं. त्यामुळे फिल्बर्ट स्ट्रीट हाइड आणि लेव्हनवर्थ या रस्त्यांच्या दरम्यान ३१.५ टक्के चढतो; शंभर फूट पुढे जायचं तर साडेएकतीस फूट वर. उतारावर गाडी उभी करताना पुढची चाकं फुटपाथच्या हिशेबानं वळवून ठेवायची, असा इथे नियमच आहे. अशा गावात सायकल घेणं हाच मुळात आशावाद. त्यातही काही मंडळी धडधाकट सायकलीचे गिअर काढतात आणि तेवढ्यानं समाधान होत नाही म्हणून फ्रीव्हीलही काढतात. उरते ती फिक्स्ड गिअर, लाडाची फिक्सी. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीलाही एकच गिअर होता, पण उतारावर निदान पाय स्वस्थ ठेवून वारा खाता यायचा. २००७ सालच्या ‘मॅश’ या चित्रपटात फिक्सीवाले याच उतारांवरून सुटलेले दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा डोंगर जिंकायचा खेळ आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. डोंगराळ शहरात फिक्सी शोभते ती तिला डोंगर जिंकता येत नाही म्हणून.

याला गणिताचा पुरावा आहे. पुढे ४८ दाते आणि मागे १७, अशी मांडणी घेऊ. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सहा मीटर जाते. फिल्बर्टवर त्यातले पावणेदोन मीटर निव्वळ वर. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर पायडलवर सरासरी सव्वाशे किलोंचा दाब हवा. म्हणजे अख्खा देह पायडलवर उभा करून, हँडल उपटून काढायच्या बेतानं ओढलं तरी हिशेब लागत नाही. शेजाऱ्याला उचलून बरोबर घ्यावं लागेल, आणि त्याचंही वजन पुन्हा चढवायचंच. आता मार्केट स्ट्रीटकडून पश्चिमेला निघा. ड्यूबोस, स्टायनर, वॉलर, पिअर्स, हेट, स्कॉट आणि फेल, अशी जवळजवळ प्रत्येक चौकात वळणारी मैलभराची वाट आहे. तिचं नाव ‘विगल’. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांना हात न लावता ती खोलगट भागातून गोल्डन गेट पार्कच्या दिशेला नेऊन सोडते. तिथला सर्वांत कडक चढ सहा टक्क्यांच्या आसपास, आणि दाब पंचवीस किलो. सव्वाशेचे पंचवीस झाले आणि सायकलीचा एक दाताही बदलला नाही. बदलला तो रस्ता. सत्तावीस गिअरवाला सरळ चढाला भिडतो आणि वर पोचून धापा टाकतो. फिक्सीवाल्याला मात्र कुठल्या गल्लीत किती चढ आहे हे भाजीच्या भावासारखं तोंडपाठ लागतं.

चढ वळसा घालून टाळला तरी उतार पुढ्यात येतोच, आणि तिथे पायांची परीक्षा होते. ताशी ४० किलोमीटरला पाय मिनिटाला ११२ फेऱ्या मारतात. थांबण्यासाठी पाय जागच्या जागी आवळायचे, की मागचं चाक घसटत जातं. इथे सायकल बांधणाऱ्याची खरी अक्कल दिसते. ४८ ला १६ जोडले तर गुणोत्तर नेमकं तीन; पाय नेहमीच्या जागी आवळले की दर वेळी टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासतो. बाकी टायर नवाकोरा, आणि तेवढ्यात आतली ट्यूब बाहेर डोकावते. १७ घेतले की तीच झीज सतरा जागी वाटली जाते. एका दात्यानं टायरचं आयुष्य पालटतं, हे सहकारी संस्थांनीही अभ्यासावं.

पण ब्रेकचं काय, हा आक्षेप रास्त आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो की कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर चाक घसटवता येईल असा ब्रेक हवा. फिक्सीवाले पायांकडे बोट दाखवतात. मुद्दा चतुर आहे, फक्त सॅन फ्रान्सिस्कोत तो सपाट रस्ता शोधायचा कुठे? साखळी तुटली की पाय हवेत फिरतात आणि युक्तिवाद खाली निघून जातो. तेव्हा पुढच्या चाकाला ब्रेक लावावा. दिसायला कमी शोभेल, पण दातही शोभेचेच असतात. गुडघ्यांवर ताण येतो, हा आक्षेपही मला मान्य आहे. तो ज्यांना जाणवतो त्यांनी दुहेरी हब घ्यावा. पंधराच्या पान्यानं नट सैल करायचे, चाक उलटं बसवायचं, की दुसऱ्या बाजूचं फ्रीव्हील हजर.

मुळात गिअरच का नकोत, असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला एक जुना साथीदार मिळतो. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज गिअरना म्हाताऱ्यांची सोय समजत, आणि साखळी दात्यांवरून सरकवणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत आले नाहीत. स्वारांचे त्यात फार हाल झाले, म्हणून देग्रांज यांचा दाखला मी फार ताणणार नाही. त्यापेक्षा भक्कम साक्ष या शहराच्या केबल कारची आहे. १८७३ पासून टेकड्या चढणाऱ्या या गाडीला स्वतःचं इंजिन नाही. रस्त्याखाली ताशी साडेनऊ मैलांनी अखंड धावणारा दोर चिमट्यात पकडायचा, की गाडी चालली. थांबताना इतर ब्रेकांच्या जोडीला लाकडी ठोकळे रुळांवर दाबायचे, आणि ते काही दिवसांत झिजतात. वेग एकच, झीज ठरलेली, तरी पर्यटक पैसे देऊन लटकतात. एकाच वेगाच्या वाहनाला हसण्याचा अधिकार या शहरानं केव्हाच गमावला आहे.

राहता राहिला तो, ज्याचं घरच फिल्बर्टच्या माथ्यावर आहे. त्याला विगलचा उपयोग नाही. त्यानं सायकल ढकलावी, किंवा बसच्या तोंडाशी सायकलींसाठी लावलेल्या रॅकवर चढवून जमेल तितकं वर जावं. केबल कारचा विचार करू नये. तिच्यात सायकल घेत नाहीत.